पाळकसाहेबांना कुरूप चालत नसे

आमच्या धुळ्याच्या चर्चचे पाळकसाहेब जगातल्या सगळ्या पापांना क्षमा करत, फक्त कुरूपतेला नाही. आणि चर्चचा सेक्रेटरी या नात्याने ते पाप बहुतेक वेळा माझ्याच हातून घडे. कोणाच्याही घरी गेले की प्रार्थनेआधी ते भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करत. एकदा ऐन उपदेशात थांबून खाली उतरले, वेदीवरच्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली आणि "तर मी काय सांगत होतो?" म्हणत परत वर चढले. शिंदखेड्याला एक लग्न लावायला निघालो होतो, तर नरडाण्याजवळ त्यांनी मला मोटारसायकल थांबवायला लावली. फुटलेल्या कपाशीकडे किती वेळ बघत राहिले आणि शेवटी अहिराणीत म्हणाले, "नामी शे!" म्हणजे झकास आहे. तिकडे नवरा-नवरी वाट बघून घामाघूम. "जग घडवताना देवानेसुद्धा रोजचं काम झालं की थांबून बघितलं होतं," एवढाच त्यांचा खुलासा. वऱ्हाडाच्या शिव्या मात्र मी खाल्ल्या.

वेदीसाठी मी प्लास्टिकची फुलं आणली, तेव्हा शाबासकीच्या तयारीतच उभा होतो. "साहेब, धुतासुद्धा येतात!"

त्यांनी एक फूल उचललं. "हे सुकणार कधी?"

"कधीच नाही."

"मग आपण देवाला आपलं असं काय दिलं, भाऊ?"

फुलं माझ्या घरी आली. बायकोलाही आवडली नाहीत.

गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करताना माझंच तोंड डावीकडे वाकडं झालेलं दिसलं. लकवा चेहऱ्यापुरताच आहे, बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. पण केस रंगवून पहिल्या बाकावर बसणारा माणूस मी! तीन रविवार सर्दीचं कारण सांगून घरी बसलो. चौथ्या रविवारी साहेबच दारात उभे. मी रुमालाने तोंड झाकलं.

"आजचं शास्त्रवाचन तुमच्याकडे आहे."

"हे थोबाड घेऊन, साहेब? तुम्हाला कुरूप चालत नाही."

ते चिडलेच. "क्रुसावरचा चेहरा काय देखणा होता? रक्त, थुंकी, सूज. आणि त्याहून सुंदर मला अजून काही दिसलेलं नाही. चला, शर्ट बदला."

चर्चमध्ये मी बायबलमधला उतारा वाचला. प आणि ब ओठांतून निसटत होते. "पवित्र" म्हणताना तर चक्क शिट्टी वाजली. कुठेतरी लहान मुलं हसली. मी घाईने उरकायला लागलो, तशी साहेबांनी हाताने खूण केली: सावकाश.

दोन महिन्यांत तोंड जागेवर आलं. साहेब निवृत्त होऊन जळगावला मुलीकडे गेले. नवे पाळक सज्जन आहेत, सगळं वेळेत संपवतात. मीही आता वचन स्वच्छ वाचतो, बऱ्यापैकी घाईत वाचतो, आणि मला कोणी अडवत नाही.