तिकडच्या पोरीचा प्रश्न

आमच्या रविवारच्या मंडळाचा एकच नियम कडक आहे. ज्यानं प्रश्न विचारला, त्यानं ‘समाधान झालं’ म्हटल्याशिवाय चहा बाहेर यायचा नाही. मंडळ भरतं वर्ध्यात, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. जमणारे बहुतेक माझ्यासारखेच, पेन्शनवर आलेले मास्तर, मास्तरणी, कारकून. विषय ठरलेला, समता. या नियमाचा फायदा असा, की वाद फार लांबत नाहीत. चहाची तल्लफ आली की भल्याभल्यांचं समाधान होतं.

चहासोबत ज्यानं त्यानं घरून काहीतरी आणायचं. कुणी चिवडा आणतं, कुणी बाजारातली गोरसपाकाची बिस्किटं. मी सांबारवडी नेते. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. ती मसाला लावून बेसनाच्या पारीत भरायची आणि तळायची. माझी वडी चांगली होते. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण मंडळात ती कुणी खाल्लीच नव्हती.

मी बौद्ध आहे. मंडळात कुणी कुणाची जात काढत नाही, आडनावंसुद्धा आम्ही लावत नाही. फक्त माझा डबा उघडला की एकाची शुगर वाढायची, दुसऱ्याला तळलेलं चालायचं नाही, मग हातात तळलेला चिवडा का असेना. एका बाईंची चतुर्थी तर माझा डबा पाहूनच यायची. इतक्या चतुर्थ्या केळझरच्या गणपतीलाही माहीत नसतील. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. रविवारी रात्रीचा स्वयंपाक वाचतो, हेही सांगत असे.

त्या वर्षी माझ्या पवनारच्या घरातली वरची खोली मी एका नागा पोरीला दिली होती. इथल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपीचं काम करायची. नाकीडोळी वेगळी, म्हणून बसस्टँडवर पोरं तिला ‘चिनी’ म्हणून हाका मारत. ती वळून शुद्ध वऱ्हाडीत विचारायची, “काऊन रे, काय काम आहे?” पोरं पळून जात. भाषा माझ्याकडूनच शिकली होती, त्यामुळे माझा तिखटपणाही थोडा आलाच होता. मला मावशी म्हणायची. मला ती फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते.

एका रविवारी ती मला तिच्या स्कूटीवरून मंडळात घेऊन गेली आणि तिथंच बसली. मग दर रविवारी येऊ लागली. गप्प बसून ऐकायची. सगळ्यांना तिचं कौतुक वाटे. “मराठी किती छान बोलते ना!” असं तिच्यासमोरच, ती नसल्यासारखं, म्हणत.

मग एकदा सरांनी विचारलं, “आज प्रश्न कोनाचा?” आणि हिनं हात वर केला.

“मावशीचा डबा दर वेळी भरलेलाच वापस काऊन जाते?”

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. मी पायपुसण्याकडं बघत बसले.

सर मनानं चांगले. त्यांनी समजावणीच्या सुरात सुरुवात केली. “बेटा, तू तिकडची. तुमच्यात जातपात नाई. हा आमच्या घरातला मामला आहे, तुले नाई समजनार.”

चतुर्थीवाल्या बाईंनी मात्र सूर सोडला. “तुमचा चेहरामोहरा वेगळा, खानंपिनं वेगळं. तुमच्याकडं तर काहीबी खातात म्हनते. आमाले काय विचारतं माय?”

एकदोघं हसले. सरांनी आतल्या दाराकडं पाहून हाक मारली, “अवो, चहा आना!”

पोरीनं मान खाली घालून ओढणी सारखी केली. डब्याचं मी सोसलं होतं. हे मला सोसवेना. ज्या खोलीत माणसाला जन्मावरून तोलायचं नाही असं आम्ही घसा फोडून सांगायचो, त्याच खोलीत तिचं तोंड बघून तिचा प्रश्न उडवला होता. कानशिलं तापली माझी.

“चहा थांबवा,” मी म्हटलं. “तिचं समाधान झालं नाई.”

“अवो बाई, ती इथली नाई,” सर म्हणाले.

“मी तर इथल्याच आंजी गावची आहे ना? तोच प्रश्न माझा समजा.”

“हे पाहा,” चतुर्थीवाल्या बाई म्हणाल्या, “तुमी मनावर घेऊन राह्यल्या. तुमाले तर तसंच दिसन.”

मला हसूच आलं, रागाचं हसू. “तिनं विचाराचं नाई, कारन ती बाहेरची. मी विचाराचं नाई, कारन मी त्यातलीच. मंग विचाराचं कोनी, ते तरी सांगा.”

आतून सरांच्या बायकोनं दोनदा डोकावून पाहिलं. चहा उकळून उकळून काढा झाल्याचा वास येत होता. शुगरवाले गृहस्थ खिशात चष्मा शोधत होते आणि चष्मा नाकावर होता.

शेवटी सर बोलले. माझ्याकडं नाही, त्या पोरीकडं बघून. “खाल्लं तर काई होत नाई, हे मले माहीत आहे. शाळेत पोराइले जनमभर हेच शिकवलं. पन हात पुढं होत नाई, बेटा. लाज वाटते सांगाले. पन नाई होत.”

इतक्या वर्षांत मंडळात बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. सरांबद्दल माझ्या मनात त्या दिवशी राग होता आणि मायाही दाटून आली.

पोरीनं थोडा विचार केला. “उत्तर भेटलं, सर,” ती म्हणाली. “समाधान नाई झालं.”

नियम तो नियम. त्या दिवशी मंडळ बिनचहाचं उठलं.

सरांचा हात पुढं झाला, पण बऱ्याच दिवसांनी. नेमकी त्या दिवशी माझी वडी करपली होती. त्यांनी ती कडूझार वडी डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावली आणि पुरी संपवली. त्यानंतर आणखी दोघांनी घेतली. बाईंची चतुर्थी अजून आहे. पण मंडळात कुणी प्रश्न विचारला, तर आता आधी प्रश्नाकडं बघतात, तोंडाकडं नंतर. एवढं मला पुष्कळ वाटतं.

त्या बिनचहाच्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघी घरी न जाता धाम नदीवर थांबलो. खडकावर बसून डबा उघडला. भूक दोघींनाही कडकडून लागली होती. पाण्यात म्हशी डुंबत होत्या, पलीकडं कुणीतरी कपडे धूत होतं. ती एकामागून एक वड्या खात होती, बोटं चाटत होती. मी मजेत होते. सरांची, चष्मा शोधणाऱ्या गृहस्थांची नक्कल करून तिला हसवत होते.

हसता हसता ती थांबली. “मावशी, एक विचारू? तुमाले राग नव्हता येत? दर वेळी डबा वापस आनताना?”

माझ्या तोंडून निघणारच होतं, “तुले नाई समजनार, पोरी, तू इथली नाई.” शब्द अगदी जिभेवर आले होते. सरांनी वापरले तेच, तितक्याच मायेचे.

मी ते गिळले. हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. माझ्या मुलानं नाही, सुनेनं नाही, माझ्या वस्तीतल्या बायांनीही नाही. इतक्या लांबून येऊन ती विचारत होती आणि तोंडातला घास तसाच ठेवून उत्तराची वाट बघत होती.

“येत होता,” मी म्हटलं. “दर रविवारी येत होता.” आणि तिथंच, म्हशींच्या देखत, मी मोठ्यानं रडले.