डाव्या सीटखालचा मेंदू

विनिता मूळची मोरा बंदरातली, कोळ्याची मुलगी. बाराव्या वर्षी तिने बापाच्या होडीचं इंजिन खोललं आणि पुन्हा जुळवलं, तेव्हापासून आईने तिला मासळीच्या पाटीशी बसवायचा नाद सोडला. आता पनवेलला जुन्या हायवेलगत तिचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गाडीतले मॉड्यूल, म्हणजे गाडीचे छोटे मेंदू, कंपनीने कुठे दडवलेत हे शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

श्रावणात तिच्याकडे निवृत्त मुख्याध्यापक कृष्णकांत आणि त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई आले. डावा सिग्नल दिला की गाडीचा हॉर्न वाजायचा. आदल्या दिवशी एका प्रेतयात्रेमागून वळतानाही वाजला होता.

विनिताने स्कॅनर लावला. इंजिनचं मॉड्यूल बोललं, एअरबॅगचं बोललं. दिवे-हॉर्न सांभाळणारं मात्र गप्प.

"ते स्टिअरिंगखाली असतं," कृष्णकांत म्हणाले. "मी व्हिडिओ पाहिलाय."

"तुमच्या गाडीत डाव्या सीटखाली हाय. कार्पेट उचलते."

"नको! आधी बॉनेट बघा ना."

विनिताला गंमत वाटली. तिने बॉनेट उघडलं, स्टिअरिंगखाली डोकं घातलं, "नाय बा इथं" असं दर वेळी मोठ्याने म्हणत सरांचा उतरत चाललेला चेहरा पाहिला. मग बॅटरीची वायर काढून सीटचे चार बोल्ट सोडवले.

कार्पेट उचललं आणि वास आला. तिला जन्मापासून ओळखीचा. मॉड्यूलच्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

"पावसाचं पाणी शिरलं असेल," सर घाईने म्हणाले.

"पावसाला खवले कदीपासून आले?" तिने चिमट्यात रुपयाएवढा खवला धरला. "जिताडा हाय."

तीन वर्षांपूर्वी नवरा-बायकोने गुरूंसमोर मासे खाणं सोडलं होतं. सत्यवतीबाईंचे हात कमरेवर गेले.

"एकदाच," सर पुटपुटले. "मित्राकडे शिजवला. बर्फ वितळला वाटेत."

विनिताचा चिमटा अजून कार्पेटखालीच होता. तो बाहेर आला तेव्हा त्यात मिशांसकट वाळलेलं एक डोकं होतं.

"आनि ही कोलंबी?"

"कोलंबी?" सर ताठ झाले. "मला तर कोलंबीने अंगावर पित्त उठतं!"

दोघांनी सत्यवतीबाईंकडे पाहिलं. त्यांचे हात कमरेवरून खाली आले.

"बहिणीकडे नेत होते," त्या म्हणाल्या. "पिशवी गळकी निघाली."

बाकड्यावर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. विनिताने पिना घासल्या, गरम हवेने वाळवल्या. मधेच बाईंना हसू फुटलं, मग सरांनाही आवरेना.

सीट बसवण्याआधी तिने मॉड्यूलला जाड रबरी आवरण घातलं. हॉर्न आता हॉर्नचं बटण दाबल्यावरच वाजत होता.

"पुढच्या येळी मासळी डिकीत ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या डिकीत मेंदू नाय."