तिनं त्याला काय वाढलं

एकाच कादंबरीची तीन रूपं मी पडद्यावर पाहिली आणि तिन्ही वेळा आई माझ्या शेजारी होती. तिन्ही वेळा तिनं नापासाचा शेरा मारला. मराठी शिकवते मी, जळगावच्या कॉलेजात. गुण देण्याचा मान खरं तर माझा. पण आमच्या घरात या एका विषयाची परीक्षक आईच होती, आणि ती शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती.

कादंबरी जुनी, प्रेमाची. नदीकाठच्या गावातली मुलगी, शिकायला परगावी गेलेला तरुण. ती रोज संध्याकाळी काठावर येऊन नावेची वाट बघते. बरीच वर्षं गेल्यावर एकदाचा तो येतो. पण दोनच दिवसांपूर्वी ती तापात गेलेली असते.

आईनं मात्र ही गोष्ट वाचली नव्हती, ऐकली होती. आम्ही तेव्हा धुळ्याला राहायचो. उन्हाळ्यात बिबडे करायचे दिवस आले, की गल्लीतल्या बायका एकमेकींच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट गच्चीवर, आळीपाळीनं जमायच्या. ज्वारीचं शिजवलेलं गरम पीठ ओल्या हातानं कापडावर थापायचं आणि उन्हात वाळवायचं, हे काही एकटीचं काम नव्हे. आबा, म्हणजे माझे वडील, तहसील कचेरीत कारकून होते. ते मुद्दाम चार दिवस रजा टाकायचे आणि ती कादंबरी काखेत मारून बायकांच्या मागोमाग या धाब्यावरून त्या धाब्यावर फिरायचे. भिंतीच्या सावलीत बसून वाचायचे. पुस्तकातली भाषा जड, म्हणून डोळ्यांनी मराठी वाचायचे आणि तोंडानं अहिराणी बोलायचे. दर उन्हाळ्यात तीच कादंबरी, आणि बायका दर उन्हाळ्यात नव्यानं ऐकायच्या.

लहानपणी मी गोष्ट संपायच्या आतच खेळायला पळायची, आणि तेरा-चौदाची झाल्यावर तिथं बसणंच सोडलं. मला लाज वाटायची. कचेरीत काम करणारा माणूस बायकांच्या घोळक्यात बसून गावंढळ बोलीत प्रेमकथा सांगतो, हे मैत्रिणींना कळलं तर काय म्हणतील! आमच्याशी आबा कटाक्षानं शुद्ध बोलायचे, आईशी अहिराणी. मी शुद्ध तेवढं उचललं. कादंबरी पुढे माझी मीच वाचली, शेवटी रडले, आणि मूळ गोष्ट आपल्याला कळली म्हणून जरा ताठही झाले.

सिनेमा आम्ही टीव्हीवर पाहिला, रविवारी, काळापांढरा. त्यात नायिका लगेच मरत नाही. नायक पोहोचेपर्यंत दम धरते, एक अख्खं गाणं म्हणते आणि मग त्याच्या मांडीवर प्राण सोडते. मी पदरानं डोळे पुसत होते. आई कोरडीच.

"हाऊ तो नही शे," ती म्हणाली. हा तो नव्हेच.

आबा उठून पाणी प्यायला गेले. ते तेव्हाच का उठले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मालिका आली तेव्हा माझं लग्न झालं होतं. सुट्टीत मी माहेरी यायची, तेव्हा आम्ही दोघी बघायचो. वर्षभर चालली ती. कादंबरीत नसलेली एक खाष्ट मावशी त्यात घुसवली होती, आणि नदी अशी काही गुळगुळीत, की जणू हौदच. शेवटी नायक दुसरीशी लग्न करतो आणि ही गावात शाळा काढते. मला ते निदान विचार करायला लावणारं वाटलं. आईनं तोंड वाकडं केलं. "तो भुक्या येस," ती म्हणाली. भुकेला येतो तो. "आठे त्याले कोनी जेव असं बी म्हने ना."

भुकेचा काय संबंध, असं विचारायचं मला सुचलं नाही. म्हटलं, काहीतरी घोळ झालाय हिच्या डोक्यात.

आबा गेले आणि आई माझ्याकडे जळगावला राहायला आली. मागच्या उन्हाळ्यात मोबाइलवर त्याच कादंबरीवरची वेबसिरीज आली. म्हटलं, हिला जरा विरंगुळा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आम्ही दुपारभर बघितली. आता गाव नाही, नाव नाही. दोघं मोठ्या शहरात नोकरी करतात, विमानतळावर निरोप घेतात, मेसेज पाठवतात आणि शेवटी समजूतदारपणे वेगळी होतात. अभिनय चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

"तुना आबा असं सांगेतच नही," आई म्हणाली. "तो येस. नावमाईन उतरस आनि पह्यलं बोलस, माले भूक लागनी." नावेतून उतरतो आणि आधी म्हणतो, मला भूक लागली.

आणि माझ्या अंगात मास्तरीण संचारली. तिन्ही पडद्यांवरच्या लोकांनी आपापल्या मनाचं घुसडलं होतं आणि त्यांच्यावर ताण म्हणून ही. मी कपाटातून आबांची प्रत काढली. "आई, पुस्तकात भूकबीक काही नाही. ऐक." आणि शेवटचं प्रकरण मी तिला वाचून दाखवलं. स्वच्छ, खणखणीत, सगळे विराम सांभाळून. ताप, तिचं जाणं, रिकाम्या काठाला लागलेली नाव. एक शब्द गाळला नाही.

आई भिंतीकडे बघत होती.

"माले माहीत शे. पह्यलं पोर गयं ना मनं, त्या सालनी गोट. वाचता वाचता तुना आबा थांबनात. मनाकडे दखं. मंग बोलनात, तो उना. आनि पुस्तक मिटी टाकं." तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. "मी शिकेल नही शे. पन पानं बाकी व्हतात, ते माले दिखत नही का?"

माझ्याआधी एक मूल होऊन गेलं होतं, हे मला ओझरतं ठाऊक होतं. ते त्याच वर्षी, बिबड्यांच्या दिवसांच्या जरा आधी गेलं, हे ठाऊक नव्हतं. ती ओल्या हातांनी पीठ थापत बसलेली आणि समोर आबांच्या हातात ते शेवटचं प्रकरण. काय वाचणार होता तो माणूस? "तो उना," तो आला, एवढंच म्हणाला.

"इतला साल त्यास्नी तिले मरू दिनं नही," आई म्हणाली. "तू तिले एक दुपारमा मारी टाकं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते. तिनं तांब्या उचलला, उरलेलं पाणी कुंडीतल्या रोपाला घातलं आणि त्यानंतर त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. मीच दोनदा विषय काढला. तिनं चहा मागितला.

हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हाच काय ते कळलं होतं. एका दुपारी ती डोळे मिटून पडलेली होती. मी खुर्ची जवळ ओढली. अहिराणी मला समजते, पण जिभेवर कधी बसलीच नाही. तरी बोलले.

"आई, मंग तो उना. नावमाईन उतरना. बोलना, माले भूक लागनी."

तिनं डोळे उघडले. इतके स्वच्छ उघडले, की मला वाटलं, जमलं. माफ केलं हिनं मला.

"मंग?" ती म्हणाली. "तिनी काय वाढं त्याले?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं, सिनेमात नव्हतं, मालिकेत नव्हतं. ते फक्त धाब्यावर होतं, आणि मी धाब्यावर नव्हते.

"भाकर," मी म्हणाले. "भाकर आनि ठेचा."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच मान हलवली.

"नही," म्हणाली, आणि डोळे मिटले.

चार दिवसांनी ती गेली. पुण्यानुमोदनाला धुळ्याहून गल्लीतले लोक आले होते. तेव्हा बिबडे थापायला जमणाऱ्यांपैकी कोणी उरलंय का, म्हणून मी एकेकाला विचारलं. कोणीच उरलेलं नव्हतं.