महादेवप्पा सरांची एकच अट

मंजुषाचं काम नेमकं काय, हे तिच्या सासरी आजवर कुणाला कळलं नाही. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये ती ‘माहिती अधिकारी’ होती. म्हणजे एका सरांना जे येतं ते बाकीच्या सरांपर्यंत पोचवायचं. ऐकायला सोपं आहे. पण इथला सर तुम्हाला आग्रहानं चहा पाजेल, नोट्सला हात लावू देणार नाही. प्रत्येकाला उद्या स्वतःचा क्लास काढायचा असतो.

भौतिकशास्त्राचे महादेवप्पा सर तर नोट्सच काढत नसत. खेड्यातून आलेलं पोर कुठल्या गणितात कुठं घसरतं आणि त्याला तिथून कसं उठवायचं, सगळं डोक्यात. मंजुषानं वर्षभर त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठं गडी तयार झाला. अट एकच घातली.

“माझं नाव राहू दे त्याच्यावर. दुसरं काय बी नको.”

तिनं शब्द दिला. मग सर जे बोलत सुटले! तिनं मोबाइलवर सगळ्याचे व्हिडिओ केले, नीट लावले, प्रत्येकावर सरांचं नाव घातलं आणि ते नव्या, पोरसवदा शिक्षकांच्या हाती दिले. निकाल झकास लागला. संचालकांनी मंजुषाला शाल-श्रीफळ दिलं आणि महादेवप्पा सरांना नुसताच नारळ. सरांचं सगळं संगणकात आलंय, तर एवढा महागडा माणूस पोसायचा कशाला?

पुढच्या आठवड्यात हुकूम आला, व्हिडिओवरची नावं काढा, ज्ञान संस्थेचं असतं. मंजुषाचा संताप संताप झाला. तिनं मनातल्या मनात राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. आणि नावं काढली. असली कामं शिकली-सवरलेली माणसंच नीट करतात.

दिवाळीत ती सरांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी शांतम्मांनी तिच्याकडं न बघताच फराळ पुढं ठेवला. सर मात्र खुशीत होते.

“इतकी वर्षं शिकवलं, पण मला कुणी इचारलंच न्हवतं, पोरी. तू इचारलंस.” मग चाचरत म्हणाले, “नाव हाय न्हवं माझं?”

मंजुषानं हातातला लाडू ताटात ठेवला.

“आहे, सर.”

सरांनी बायकोकडं पाहिलं. “बघ. म्हणलं न्हवतं मी? पोरगी शब्दाची पक्की हाय.”

शांतम्मा पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी तिच्या ताटात आणखी एक लाडू वाढला.