गाविलगडावर नेलेली पोती

मनकर्णाच्या नाकाचा जाच तिच्या घरच्यांनी फार सोसला. नवरा पुंजाराम तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, तर त्याला घरात यायच्या आधी विहिरीवर जाऊन चूळ भरावी लागते. भरून आला तरी ती दारातूनच म्हणते, "अजून येऊन राह्यला वास. जा परत." सून आचल एकदा वैतागून माहेरी सांगत होती, की आमच्याकडे दूध नासायच्या आधी सासूबाईंना कळतं. मनकर्णाला मात्र यात काही वावगं वाटत नाही. फुलांत जन्म गेलेल्या बाईला घाण सहन होत नसेल, तर त्यात तिचा काय दोष?

अंजनगाव सुर्जीच्या बाहेर त्यांचा लहानसा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे तोड करायची, हार ओवायचे आणि एसटीनं परतवाड्याला जाऊन बाजारातल्या आपल्या दुकानात विकायचे, हा तिचा नेम लग्न झाल्यापासूनचा. मळ्यात वाकून तोड करताना मान वर केली की समोर सातपुडा. सकाळी निळा, दुपारी भुरकट. त्या डोंगरावर कुठंतरी गाविलगड आहे हे तिला चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं. दोनशे वर्षांमागं तिथं इंग्रजांशी लढाई झाली, गड पडला, वरची माणसं कापली गेली आणि मग तह झाला तो आपल्या अंजनगावात. "मेले वरचे, सह्या झाल्या खाली," असं गुरुजी म्हणाले होते. तेवढं वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. गड मात्र तिनं कधी पाहिला नाही. गडाशेजारच्या चिखलदऱ्याला जाणं हे सुट्टीवाल्या माणसांचं काम, आणि फुलांना सुट्टी नसते.

गेल्या डिसेंबरात ते जुळून आलं. परतवाड्यात रोहितभाऊ नावाचा एक तरुण पुढारी आहे. त्यानं गडप्रेमींचं एक मंडळ काढलेलं. लढाईच्या दिवसाचं निमित्त साधून गडावर अभिवादन आणि स्वच्छता मोहीम ठेवली होती. तो स्वतः दुकानावर आला. गडाच्या दरवाजाला एक मोठा हार, वर उधळायला मोकळी फुलं, अशी ऑर्डर दिली. जाता जाता म्हणाला, "मावशी, तुमी बी चाला. बायका पाहिजेत कार्यक्रमाले. गाडी देतो."

मनकर्णाला इतका आनंद झाला की तिनं हाराचा भाव पाडून सांगितला. घरी गेल्यावर पुंजारामला म्हणाली, "मले गड दाखवून राह्यला थो पोट्टा. कोनाचं लेकरू इतकं पुसते?" रात्री तिनं ठेवणीतलं जांभळं पातळ काढून उशाशी ठेवलं.

सकाळी परतवाड्याच्या चौकात दोन गाड्या उभ्या होत्या. पुढची पांढरी, काचा चढवलेली, रोहितभाऊची. मागची धम्मदीपची जीप. धम्मदीप हा बाजारातला ओळखीचा ड्रायव्हर, एरवी धारणीकडं सवाऱ्या नेणारा. जीप त्याची स्वतःची आणि बायकोपेक्षा जास्त जपलेली. मागच्या बाजूला प्लास्टिकची पोती रचली होती, तोंडं सुतळीनं घट्ट बांधलेली, पहाटेच्या थंडीत गार पडलेली. मनकर्णानं फुलांच्या टोपल्या त्यांच्यावर ठेवल्या आणि मोठ्या हाराची टोपली मांडीवर घेऊन पुढं बसली. मागच्या बाकांवर मंडळाची चार पोरं.

"पोत्यात काय हाये रे?" तिनं विचारलं.

"मंडळाचं सामान हाये म्हने," धम्मदीप म्हणाला. "पहाटेच भरून ठेवलं त्यायनं."

धामणगाव गढी मागं पडलं आणि घाट लागला. मनकर्णा पुढं सरकून बसली. सागाची पानं वाळून लाल-तपकिरी झाली होती, मधूनच बांबूचं बेट हिरवं. वळण घेतलं की दरी एकदम पायाशी येई आणि खाली मैदानात कापसाची, तुरीची, संत्र्याची वावरं चौकोनी सांडलेली दिसत. एका वळणावर तिनं धम्मदीपला गाडी हळू करायला लावली. आपला मळा दिसतो का ते तिला बघायचं होतं. दिसला नाही, पण त्या धुरकट सपाटीत कुठंतरी आपण रोज वाकून फुलं तोडतो, हे तिला फार नवल वाटलं. जन्मभर डोंगराकडं बघितलं. आज डोंगरावरून घराकडं बघत होती.

मग ऊन चढलं, आणि वास आला.

आधी तिला वाटलं, पोरांपैकी कोणी ओकलं. पोरं तर मजेत होती. खर्रा चघळत खिडकीबाहेर पिंका टाकत होती आणि एक जण मोबाईलवर स्वतःचंच तोंड रेकॉर्ड करत होता. वास वाढला. आंबलेलं वरण, सडलेली कोबी, त्यावर काहीतरी मेल्यासारखा. मनकर्णानं पदर नाकाला लावला.

"धम्मदीप, गाडी थांबव."

"वळन हाये, मावशी."

"वळनावर थांबव. मी उडी मारीन नाहीतर."

जीप थांबली. तिनं मागं जाऊन पाहिलं तर खालच्या पोत्यातून पिवळट पाणी पाझरत होतं आणि शेवंतीच्या टोपलीचा तळ त्यात भिजला होता. धम्मदीपनं सुतळी सोडली. आत लग्नाच्या पंगतीचा उष्टा कचरा होता. द्रोण, पत्रावळ्या, भाताचे गोळे, पाण्याच्या बाटल्या, आणि कोणाच्या तरी लेकराचं वापरलेलं डायपर.

धम्मदीपचा चेहरा पडला. "माह्या गाडीत? माह्या गाडीत भरलं हे?"

"अरे, मंगल कार्यालयातून आनलं," मागचा एक पोरगा खाली न उतरताच म्हणाला. "भाऊनं सांगतलं."

आमच्याकडे लग्नाच्या हॉलवाले रात्री घाटात कचरा लोटून देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मनकर्णाला वाटलं, जाता जाता ही घाण दरीत टाकायची असेल. तिनं पोरांना शिव्या घातल्या. पोरं हसली. धम्मदीपनं रोहितभाऊला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "फेकू नको कुठं. वर घेऊन ये. लवकर."

मग तर कोणालाच काही कळेना. मनकर्णानं भिजलेली शेवंती तिथंच रस्त्याकडेला काढून टाकली. चांगली फुलं कमरेशी घेऊन ती पुढं बसली आणि डोकं खिडकीबाहेर काढून उरलेला घाट पार केला. मोथा गावाजवळ रस्त्याकडेला गवळ्यांच्या बाया रबडी विकायला बसलेल्या. पोरं उतरून खाऊन आली. तिच्यासाठी एक द्रोण आणला. द्रोण पाहूनच तिला पोत्यातली घाण आठवली. तिनं तोंड फिरवलं.

गडाचा दरवाजा पाहून ती क्षणभर सगळं विसरली. केवढाले दगड, त्यावर कोरलेले वाघासारखे प्राणी, भिंतीतून उगवलेली झाडं. आणि दरवाजासमोरची जागा स्वच्छ. खराट्याच्या रेघा मातीवर अजून ताज्या होत्या. झाडणारी बाई बाजूला खराटा टेकवून बसली होती. सुखमनी कासदेकर तिचं नाव, जवळच्याच वाडीतली कोरकू बाई, साफसफाईला रोजानं येणारी.

पोरांनी पोती उतरवली, ओढत आणली आणि त्या झाडलेल्या जागेवर उपडी केली.

"अरे! अरे!" सुखमनी धावली. "अभी तो झाडा मैंने!"

"दो मिनट, बाई. शूटिंग है."

पांढऱ्या गाडीतून रोहितभाऊ उतरला. भगवा फेटा, पांढरा कुर्ता. त्यानं नाक मुरडलं आणि पोरांवर ओरडला, "ओला कचरा कायले काढला? ओला क्यामेऱ्यात दिसत नाही, नुसता चिखल दिसते. बाटल्या पसरवा, बाटल्या. पायऱ्यांवर टाका."

आता मनकर्णाला उमगलं. गड आधीच झाडलेला होता. साफ करायला घाण नव्हती म्हणून घाण खालून आणली होती, तिच्या फुलांच्या खाली घालून. भिंतीशी जाऊन ती ओकली. सकाळचा चहा सगळा बाहेर पडला. सुखमनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

शूटिंग सुरू झालं. फेटेवाली पोरं पायऱ्यांवरून बाटल्या उचलत होती. एकाच बाटलीला तीनदा उचलायला लावलं. रोहितभाऊनं एक पोतं खांद्यावर घेतलं, चार पावलं चालला, टाकलं. मग तोंडासमोर मोबाईल धरून बोलायला लागला, "मित्रांनो, या मातीत आपल्या पूर्वजांचं रक्त सांडलं आहे. ही माती म्हणजे आमचा देव्हारा आहे…" त्याच्या बुटाखाली भाताचा गोळा चिकटला होता. पोरांनी 'जय' म्हटलं. एकानं 'जय' म्हणून भिंतीवर पिंक टाकली. दगडावरून ती लाल लाळ ओघळताना मनकर्णा बघत राहिली. आपण इतक्या हौसेनं हे बघायला आलो, उशाशी पातळ ठेवून झोपलो, याचीच तिला शिसारी आली.

"मावशी, हार आना," रोहितभाऊनं हाक मारली.

ती टोपली घेऊन पुढं झाली, पण हार दिला नाही. "हात धुवा पयले."

"काय?"

"उष्ट्याचे हात हायेत. असे हात हाराले लागू देत नाही मी."

पोरं खिदळली. रोहितभाऊ तिच्या जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "मावशी, व्हिडिओ चालू हाये. पैसे देल्ले तुमाले. हार द्या."

"पैसे परत घ्या. मेलेल्या मानसायचा हार हाये हा. तुमाले नाही देत."

त्यानं टोपलीला हात घातला, तशी ती मागं सरली आणि हार छातीशी धरला. धम्मदीप मध्ये येऊन उभा राहिला. रोहितभाऊनं इकडंतिकडं पाहिलं. चार-दोन पर्यटक थांबून बघत होते. "जाऊ द्या रे," तो हसून म्हणाला, "म्हातारीले घाट लागला." मोकळी फुलं उधळून त्यांनी कार्यक्रम उरकला. बाटल्या भरलेली पोती भिंतीला टेकवून ठेवली, ओला कचरा होता तिथंच राहिला, आणि पोरं पांढऱ्या गाडीत दाटीवाटीनं बसून हॉटेलात जेवायला निघून गेली. जीपमध्ये वास येतो म्हणून त्यांच्यापैकी एकही जीपमध्ये बसला नाही.

"चाला, मावशी," धम्मदीप म्हणाला. "मले बी नाही थांबवत इथं."

"हे कोन नेईन?"

"नेईन कोनी. सरकारी जागा हाये."

सुखमनीनं खराटा घेतला होता आणि ती एकटीच भाताचे गोळे ओढत होती. वानरं भिंतीवरून उतरून पत्रावळ्या ओढायला लागली होती. एकानं प्लास्टिक तोंडात धरलं होतं. मनकर्णानं पातळाचा काष्टा खोचला, हार दरवाजाच्या कोनाड्यात ठेवला, आणि जिला खर्ऱ्याचा वास सहन होत नाही ती बाई दोन्ही हात त्या घाणीत घालून बसली. अधूनमधून तिला उमासा येई, ती बाजूला तोंड करी, पुन्हा भरायला लागे. थोड्या वेळानं धम्मदीपही शिव्या देत खाली बसला. शिव्या कोणाला होत्या ते त्यानं नावानिशी सांगितलं. सगळं भरून झाल्यावर सुखमनीनं गडावरच्या तळ्याचं पाणी आणून तिघांचे हात धुतले, आणि मनकर्णानं कोनाड्यातला हार दरवाजाला वाहिला.

"पोती खाली न्यायची," मनकर्णा म्हणाली.

"माह्या गाडीत? परत?"

"गाडी मी धुऊन देईन, पुंजारामच्या हातानं."

नाक्यावर वनरक्षकानं जीप अडवली. पोती पाहून तो चक्रावला. "लोकं वर आनतात. तुमी खाली काहून नेऊन राह्यले?" धम्मदीपनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, नाकाला रुमाल लावला आणि फाटक उघडलं. घाट उतरताना मनकर्णानं दरीकडं एकदाही पाहिलं नाही. अर्ध्या वाटेवर धम्मदीप म्हणाला, "टाकू का इथं? कोनाले दिसते?" तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं गाडी थांबवली नाही.

परतवाड्यात त्यांनी जीप सरळ रोहितभाऊच्या घरासमोर नेली. दार त्याच्या आईनं उघडलं. साधी बाई, वाती वळता वळता उठून आलेली. मनकर्णाला पाहून तिचा चेहरा फुलला. "या, या! आमच्या रोहितनं तुमाले गड दाखवला म्हने. कसा होता?"

या बाईला का त्रास, असं मनकर्णाच्या मनात आलं. पण तो वास अजून तिच्या नखांत होता.

"बाई, त्याचं सामान वर राह्यलं होतं," ती म्हणाली. "तेच आनलं."

दोघांनी पोती ओट्यावर ओळीनं ठेवली. रोहितच्या आईनं एका पोत्याला हात लावला, वास येताच हात मागं घेतला. "हे काय वो?"

"त्यालेच पुसा."

संध्याकाळी व्हिडिओ फिरायला लागला. अंजनगावातही आला. त्यात मनकर्णा दोन क्षण दिसते, छातीशी हार धरून, आणि खाली लिहिलंय, 'गडसेवेत माता-भगिनींचा उत्स्फूर्त सहभाग.' शेजारच्या बायका कौतुक करायला आल्या. तिनं त्यांना घाटापासून सगळं सांगितलं. काहींनी विश्वास ठेवला, काही म्हणाल्या, जाऊ द्या, मोठ्या लोकांशी कायले वैर. तिनं व्हिडिओ पूर्ण कधी पाहिला नाही. आचलनं दाखवायला घेतला, तर 'या मातीत' एवढं ऐकूनच ती उठून मोरीकडं गेली. पोट रिकामं होतं, तरी ओकारी आली.

मंडळाच्या ऑर्डरी बंद झाल्या. रोहितभाऊच्या ओळखीचे दोन-तीन मंडपवालेही दुसरीकडं हार घ्यायला लागले. पुंजाराम चार दिवस तोट्याचा हिशेब मांडत होता. पाचव्या दिवशी त्यानं धम्मदीपची जीप विहिरीवर आणून आतून-बाहेरून सोडा लावून धुतली.

सव्वीस जानेवारीच्या आधी मंडळाचा एक पोरगा दुकानावर आला. भाऊंनी निरोप धाडला होता, की झालं गेलं विसरा, झेंडावंदनाच्या दिवशी स्वच्छतादूत म्हणून तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. आणि सत्कारासाठी वीस हारही पाहिजेत.

मनकर्णा शेवंती ओवत होती. तिनं वर पाहिलं नाही. "हार नाही," म्हणाली.

"मंग हे टांगले ते?"

"ते हायेत. तुमच्यासाठी नाही."

पोरगा फोन कानाला लावून पलीकडच्या दुकानाकडं गेला. मनकर्णानं तोंडात धरलेला दोरा तोडला आणि पुढचं फूल घेतलं.