ओटीतल्या पोरी

सकाळी नळाला पाणी असेपर्यंत फराट्यांच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. हेमलताबाई पायाने बादली पुढे सरकवत आणि हाताने तव्यावरची पोळी उलटत. संपतरावांना सणसवाडीला न्यायला कंपनीची बस नाक्यावर यायच्या आत डबा भरायचा, आणि सासूबाईंचा चहा दोनदा उकळायचा, कारण पहिला त्यांना हमखास पांचट लागे. शिरूरच्या त्या तीन खोल्यांत हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की कडी वाजली तेव्हा बाईंनी आधी पोळी उतरवली, मग पदराला हात पुसले आणि मग दार उघडलं.

दारात सावळाराम कोळपे उभे होते. निमोण्याच्या वस्तीवरचे. डोक्याला पटका, हातात मेथीची जुडी. वहाणा त्यांनी पायरीखालीच काढल्या होत्या, पण आत यायचं काही लक्षण दिसेना.

"या ना मामा, चहा झालाच आहे."

"च्या नको, बाई. तुमाला न्यायला आलोय. आमची ज्ञानी लग्नाला न्हाई म्हणतीया. चला आन् सांगा तिला."

"मी काय सांगू?"

"ते तुमी ठरवा. पोरगी तुमच्या ओटीत घातलीया आमी."

आतून सासूबाई ओरडल्या, "घ्या! लोकांच्या पोरी ओटीत घ्यायची हौस तुला. आता बाळंतपणं बी कर म्हणावं सगळ्यांची!"

संपतरावांनी बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. "जाऊन ये. पण दुपारी शेवगावचे पाहुणे यायचेत, ते ध्यानात ठेव." एवढं बोलून ते गेले. जाऊन ये म्हणाले, म्हणून बाई जाऊ शकत होत्या. कॉलेजात पोरींपुढे बोलताना हे वाक्य त्यांना कधी कधी मध्येच आठवे, आणि मग त्या फळा पुसायला वळत.

दोन हजार तीन सालचा माघ महिना होता तो. बाईंच्या कार्यक्रमाला तेव्हा सातवं वर्ष लागलं होतं. कापडी फलकावर त्याचं नाव 'महिला नेतृत्व आणि आंतरसांस्कृतिक संवाद' असं लांबलचक लिहिलेलं असे. गावोगाव त्याला 'बाईंचं शिबिर' म्हणत. बाई समाजशास्त्र शिकवत, तेही तासिकेवर. दरवर्षी जूनमध्ये त्यांची नव्याने नेमणूक होई आणि दरवर्षी प्राचार्य म्हणत, "फराटेबाई, शिबिर मात्र तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

शिबिराची रीत साधी होती. एका घरची पोर चार दिवस दुसऱ्या रीतीच्या घरी राहायला जायची. कवठे येमाईच्या माळ्याची मुलगी धनगराच्या वस्तीवर, वस्तीवरची दौंडच्या रेल्वे कॉलनीत, जिथे तेलुगू, तमिळ, ख्रिश्चन आणि उत्तरेकडची घरं भिंतीला भिंत लावून राहतात. सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांतल्या बिहारी बायकांकडेही मुली जात. तिथे चुलीपाशी बसायचं, हाताखाली काम करायचं, आणि परत आल्यावर सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. ज्या मुलीचा आवाज वर्गात कधी निघाला नाही, ती लिट्टीचे गोळे निखाऱ्यावर कसे भाजतात ते सांगता सांगता कधी सभा चालवायला लागली, ते तिचं तिलाच कळत नसे.

पण पहिल्या वर्षी एकही पोर मिळेना. परक्याच्या घरी, परक्या जातीत, रात्री मुक्कामाला? प्राचार्यांनी पालकांच्या सह्या मागितल्या, तर लोक कागद बघूनच उठून जात. मग बाई स्वतः दारोदार हिंडल्या. कवठ्याच्या गिताबाईंनी अंगणात वांगी निवडता निवडता विचारलं होतं, "कुणाच्या जिवावर धाडू नातीला? तुमचं ते कॉलेज काय तिला उचलून आणणाराय?" बाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या ओटीत घाला." आणि त्यांनी खरंच पदर पसरला. म्हातारी आत गेली, ओंजळभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घेऊन आली, ते पदरात टाकलं आणि नातीचा हात धरून त्यावर ठेवला. "झाली तुमची. आता मला घोर न्हाई."

ती गोष्ट दुसऱ्या गावात पोचायला वेळ लागला नाही. पुढे प्रत्येक घरी तसंच होऊ लागलं. बाई जायच्या, चहा घ्यायच्या, पदर पसरायच्या. परदेशातल्या एका कॉलेजातून पाहुण्या आल्या, तेव्हा त्यांनी ओटीचे फोटो काढले. प्राचार्यांनी तो फोटो मोठा करून आपल्या खोलीत लावला. लोकांच्या रीतीतूनच वाट काढली म्हणून बाईंचं कौतुक झालं. बाईंनाही ते खरं वाटलं. खरंच होतं ते.

पण ओटीत घातलेलं काही कुणी परत नेत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका पोरीने केस कापले, तिची आई बाईंच्या दारात. दुसरी नर्सिंगला जायचं म्हणाली, तिचे चुलते दारात. तिसरी नांदेना, तर सासरचे आणि माहेरचे दोन्ही दारात, आणि चहा एकाच पातेल्यात. "तुमच्या ओटीतली हाय, तुमीच समजवा." शिबिर संपून पाच पाच वर्षं झालेल्या पोरी, पण बाईंच्या अंगावरून त्या उतरत नव्हत्या. पुण्याच्या एका संस्थेने बाईंना कायमच्या कामावर बोलावलं होतं. घरातून कसाबसा होकारही मिळवला होता त्यांनी. तेव्हा कवठ्याहून माणसं आली आणि म्हणाली, "तुमी गेल्यावर आमच्या पोरींना जबाबदार कोण?" बाईंनी पुण्याला नाही कळवलं. त्या राहिल्या. दौंडला शंभर खेपा घातल्या असतील त्यांनी, पण मुलींना पोचवून संध्याकाळच्या गाडीने परत. परक्या घरी एकही रात्र त्या स्वतः राहिल्या नव्हत्या. सासूबाईंचा दुसरा चहा कोण उकळणार?

न्हावऱ्याकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बाई खिडकीशी बसल्या. सावळाराममामा पुढच्या सीटवरून मान वळवून बोलत होते.

"स्थळ वाईट न्हाई, बाई. कवठ्याकडचं हाय. ठिबकवर डाळिंब हाय, पोरगं निर्व्यसनी हाय. फाल्गुनात उरकू म्हणत्यात."

"फाल्गुनात? मग परीक्षा?"

"तेच तर म्हणतीया ती. परीक्षा. आन् पुढं रेल्वेची अजून कसली तरी परीक्षा. ते दौंडला गार्डाच्या घरी ऱ्हायली ना, त्यांची पोर देतीया म्हणं. मी मारझोड करणारा बाप न्हाई, तुमाला म्हाईत हाय. तुमी म्हणलात करू नका, तर न्हाई करणार. पण मग पोरीचं फुडं जे व्हईल ते तुमच्याकडं."

जीपमधल्या दोन बायका कान देऊन ऐकत होत्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, "ह्याच त्या शिबिराच्या बाई." बाई बाहेर बघू लागल्या. कांद्याची शेतं मागे पळत होती.

कोळप्यांच्या आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागे हिंडले. आता कालव्याच्या पाण्यावर कांदा होता, सिमेंटचं घर होतं, आणि मेंढरं परसात मोजकी उरली होती. ओसरीवर घोंगड्या अंथरलेल्या होत्या. सावळाराममामांचे थोरले भाऊ हौसराव मध्यभागी बसले होते. त्यांच्या बाजूला भावकीतली माणसं, आणि दाराच्या आत बायका. त्या बायकांत अशा चौघी होत्या, ज्यांच्या पोरी यंदाच्या शिबिरात नाव देणार होत्या. बाईंनी त्यांना ओळखलं, आणि इथे सकाळपासून ही माणसं कशासाठी जमली आहेत तेही.

ज्ञानेश्वरी भिंतीला टेकून बसली होती. दौंडहून परत आल्यावर सगळ्या वर्गापुढे गार्डाची शिट्टी कशी वाजवतात ते तोंडाने वाजवून दाखवणारी, बिहारी मुलींशी भाकरी मोठी की रोटी यावर कडाकडा भांडून शेवटी त्यांच्याच गळ्यात पडणारी ही पोर, आता घोंगडीच्या कडेचा एक धागा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

हौसरावांनी सुरुवात केली. "बाई आल्या, बरं झालं. आता कुणी मधी बोलू नका. बाई म्हणतील तसं."

"आप्पा, तिचं म्हणणं ऐकलंत का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"आठ दिस झालं ऐकतोय," ज्ञानेश्वरीची आई बानूबाई आतून म्हणाली. "म्या विचारलं, हिच्या मामीनं विचारलं, शेजारची पारूबाई भाकरी थापायची सोडून विचारून गेली. झोपंतनं उठवून विचारलं. रोज येगळं सांगती. काल म्हणली करते, आज म्हणती न्हाई. म्हणून म्हणलं तुमालाच आणा."

"न्हाई तर काय," हौसराव म्हणाले. "तुमच्या शब्दावर ही दौंडला ऱ्हायली. गावानं नावं ठेवली, आमी मोडता घातला न्हाई. आता बी तुमचाच शबुद."

बाई ज्ञानेश्वरीसमोर बसल्या. अगदी जवळ. "ज्ञाने, तू सांग."

ज्ञानेश्वरीने मान वर केली नाही. "तुमी सांगाल तसं, बाई."

"मी नाही. तू."

"तुमी करा म्हणला तर करते. नको म्हणला तर न्हाई करत." आवाजात राग नव्हता, लाडही नव्हता. दिवसभर ओझं वाहिलेलं माणूस पाटी कुणाच्याही डोक्यावर देऊन टाकतं, तसं ती बोलली. "मला न्हाई ठरवता येत आता."

ओसरीवरच्या सगळ्यांची तोंडं बाईंकडे. कर म्हणावं, तर सात वर्षं पोरींना जे शिकवलं ते आपल्याच हाताने पुसायचं. नको म्हणावं, तर दारातल्या त्या चौघी उद्या पोरी घरात ठेवतील. आणि ज्ञानेश्वरीच्या जन्माला पुढे जे काही लागेल, चांगलं की वाईट, ते फराटेबाईंनी केलेलं असेल, तिने नाही. बापाने, चुलत्याने, आईने आपापला निर्णय बाईंच्या पदरात टाकला होता. आता पोरीनेही टाकला. आणि बाईंच्या ध्यानात आलं, की आपण आल्यामुळेच तो तिला टाकता आला. आपण नसतो, तर निदान तो तिच्याजवळ तरी राहिला असता.

"बोला, बाई," सावळाराममामा हळूच म्हणाले.

"मी आज होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, मामा."

"आँ?" हौसराव ताठ झाले. "मंग आलात कशाला? शबुद फिरवताय काय?"

"पोरी नेताना बरा पदर पसरत्यात," दारातून एक आवाज आला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. कुणाचा होता ते त्यांना कळलं होतं. तिची स्वप्नाली यंदा दौंडला जायची होती.

"फिरवत नाही, आप्पा. ओटीत घेतली आहे, ती आहेच. कुठे जाते मी?" बाई थोडं हसल्या, पण हसू काही जमलं नाही. त्यांनी पुन्हा ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. पोरीचं बोट धाग्याने आवळून लाल झालं होतं. किती दिवसांत ही नीट झोपली नसेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग बाकीचं सगळं, कॉलेज, चौघी, दुपारचे पाहुणे, थोडा वेळ मागे पडलं.

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच सावळाराममामांकडे वळल्या.

"एकच मागते, मामा. परीक्षा होईपर्यंत हिला कुणी काही विचारू नका. तुम्ही नाही, बानूबाईंनी नाही, आणि मीही नाही."