न उचललेला हात

वाशीमला आम्ही काही जण महिन्यातून एकदा एका शिकवणीच्या वर्गात चादर ताणून सिनेमा बघतो आणि मग त्यावर भांडतो. मागच्या पावसाळ्यात एक जुना परदेशी सिनेमा लावला होता. धरणात बुडणार असलेल्या नदीवर चार शहरी मित्र होड्या घेऊन जातात. जंगलात दोन अनोळखी माणसं त्यांच्यावर अत्याचार करतात आणि चौघांपैकी एक जण त्यातल्या एकाला बाणाने मारतो. मग प्रेताभोवती उभं राहून वाद सुरू होतो. पोलिसांकडे जायचं की इथेच पुरून टाकायचं? तिघांचं मत पुरायचं पडतं. चौथा कायद्याच्या नावाने ओरडतो, विनवण्या करतो. आणि मग तोही गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरू लागतो.

दिवा लागला. कायद्याचं शिकणारा एक मित्र म्हणाला, "जीव वाचवाले मारलं. यात गुन्हा कुठी आला?"

"मंग लपवलं काहून?" मागून कुणीतरी विचारलं.

दुसऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "थांबा, आता पत्रकवाले बोलतीन. याले माईक लागत नाई."

सगळे हसले. मी चादरीच्या गाठी सोडू लागलो. कॉलेजात शिकणारी एक मुलगी चप्पल घालता घालता म्हणाली, "मले त्या चौथ्याचाच राग आला. विरोध केला अन् खड्डा संगच खोदला."

मी बस चुकेल म्हणून बाहेर पडलो. बसला अजून तासभर अवकाश होता.

मी पत्रकांवर वाढलो. बाबा एका लहानशा संघटनेचं काम करायचे. खाटेखाली गठ्ठे असायचे. 'जाहीर' आणि 'निषेध' हे शब्द मला शाळेत जाण्याआधी वाचता येत होते. घरातला प्रत्येक निर्णय बाबा हात वर करून घ्यायचे, अगदी वांगी करायची की भेंडी हासुद्धा. आई म्हणायची, "भाजी मीच करतो अन् मतं यायले पायजे." मला त्या हातांचा फार अभिमान वाटायचा.

सिनेमाच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. आमच्या गावी, मेडशीला, चुलत्याच्या सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरायची. त्याने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उघडी तार ओढली आणि तिला खांबावरून आकडा टाकून सरळ करंट दिला. जीव न घेता नुसता झटका देणारं झटका मशीन घे म्हटलं की तो हसायचा, "डुकराले गुदगुल्या करू काय?" दिवस मावळला की आकडा टाकायचा, फटफटताना काढायचा. त्या दिवशी त्याला झोप लागली. आमच्या घराशेजारचे दादा बकऱ्यांसाठी गवत कापायला त्या धुऱ्याने गेले.

चुलत्याची हाक ऐकून आम्ही पोचलो तेव्हा ते पालथे पडले होते. विळा हातातच होता. आम्ही चौघे होतो, चुलता, पलीकडच्या वावराचा मालक, बाबा आणि मी.

"पोलीस आले त मी गेलो," चुलता म्हणाला. "मी काय मुद्दाम केलं का बाप्पा?"

पलीकडचा हळूच म्हणाला, "काल त्याच्या छातीत जळजळ होऊन राह्यली होती. माह्याजवळ बोलला होता."

मग बाबा म्हणाले, "छातीनं गेला म्हनायचं का, मतानं ठरवू."

तीन हात वर गेले. माझा गेला नाही. "बाबा, हे बरोबर नाई," मी म्हणालो.

"तुह्या विरोधाची नोंद झाली," बाबा म्हणाले. सभेत म्हणायचे तसंच.

तार गुंडाळली गेली. दादांना घरी नेलं. आमच्याकडे पुरुषाच्या प्रेताला पुरुषच आंघोळ घालतात. चुलता आणि पलीकडचा धोतराचा आडोसा धरून उभे राहिले. डाव्या नडगीवर करपलेली काळी रेघ होती. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला आणि घाईने पाय नव्या कापडात गुंडाळला. तांब्याने पाणी मी घालत होतो. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

नंतर मी पत्रकांत जगाच्या अन्यायावर जळजळीत लिहीत राहिलो. आपण हात वर केला नव्हता, एवढं मला पुरत होतं.

दादांच्या बायकोला, वहिनीला, मात्र काहीच पुरत नव्हतं. आदल्या रात्री दादा छाती जळते म्हणाले तेव्हा तिने खायचा सोडा पाण्यात घालून दिला होता आणि सकाळी गवताला धाडलं होतं. मी गेलो की चहा ओतताना ती तेच बोलायची. "मीच धाडलं, भाऊजी. निजा म्हनाले पायजे होतं." आता गल्लीत कुणाचं पोट दुखलं तरी घर बंद करून ती त्याच्यासोबत वाशीमच्या दवाखान्यापर्यंत जाते.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती.

"वहिनी, दादा छातीनं नाई गेले. तारेच्या करंटनं गेले."

सूप थांबलं. "कोन कोन होतं?"

मी सांगितलं.

"अन् त्यायच्या अंगावर पानी कोनं टाकलं?"

"मी."

तिने सूप बाजूला ठेवलं. "तीन वर्सं मी रडून राह्यली. अन् तू समोर बसून माह्या हातचा चहा पेला."

तोवर ती मला कधी 'तू' म्हणाली नव्हती.

"मी मत देलं नव्हतं, वहिनी."

"मंग?" ती म्हणाली. तिने खरंच विचारलं होतं.

"पोलिसायले लिहून दे," ती म्हणाली. "सगळ्यायचे नावं टाक."

या लिखाणात कुणाचंच नाव नाही. त्या अर्जात चारही होती. संध्याकाळी तो बाबांपुढे ठेवला. त्यांनी उभ्यानेच वाचला, छपाईआधी पत्रक वाचायचे तसा. मग पेन मागितलं. मला वाटलं, आपलं नाव खोडतील. त्यांनी समासात लिहिलं, 'मत मी मागितले होते', आणि खाली सही केली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी मी वहिनीला अर्ज वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "त्यायनं हाक मारली असन का रे कोनाले?"

ते अर्जात नव्हतं. आम्ही नंतर पोचलो होतो.

"मले मालूम नाई," मी म्हणालो.

तिने अर्ज मुठीत धरला, पदर डोक्यावर घेतला, दाराला कडी लावली आणि बस थांब्याकडे निघाली. मी मागे चालत राहिलो.